सेविका आणि तिचे वेतन

व्याख्यानमालेच्या चालकांचे बोलावणे आले तेव्हा विषय त्यांनी आमच्यावरच सोपविला होता. आमची उभी हयात कामगारांच्या संघटनेत गेली. तेव्हा हा गृहस्थ संप, बोनस आणि बंद पडलेल्या गिरण्या यांवर बोलेल, असा त्यांचा अंदाज असावा. त्या विषयांवर बोलणे आम्हाला सोपे गेले असते. तेथे मालक समोर असतो आणि दोष त्याच्या पदरात टाकता येतो. आज घेतलेल्या विषयात दोषाचा काही वाटा आमच्या स्वतःच्या पदरात येतो, आणि म्हणूनच तो घेणे आम्हाला अगत्याचे वाटले. आमचे शालेय शिक्षण नववीपाशी थांबले. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, कोर्टाच्या व्हरांड्यात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा विद्वानाच्या अधिकाराने बोलण्याचा आमचा दावा नाही, एवढे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे.

प्रसंग असा. ज्या युनियनचे आम्ही चिटणीस होतो तिच्या कचेरीत एक बाई बावीस वर्षे काम करीत होत्या. वर्गणीच्या पावत्या फाडणे, सभांचे वृत्तांत लिहिणे, मयत कामगाराच्या बायकोला घेऊन फंडाच्या कचेरीत खेटे घालणे, ही सारी कामे त्यांच्याकडे. त्यांना दरमहा जे मिळे त्याला आम्ही 'मानधन' म्हणत असू. वय झाले तेव्हा आम्ही त्यांचा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला, चार चांगली भाषणे झाली. सभा संपल्यावर खुर्च्या आवरता आवरता बाई म्हणाल्या, "भाऊ, आजवर सगळ्यांच्या फंडाचे फॉर्म मीच भरले. माझा फॉर्म कुठला?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. कायद्याने पाहू गेल्यास आम्ही निर्दोष होतो. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ सालचा. तो सामान्यतः वीस वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेला लागतो. उपदान, ज्याला कामगार 'ग्रॅच्युइटी' म्हणतात, त्याचा कायदा १९७२ सालचा. त्याला दहा माणसे लागतात. आमच्या कचेरीत चार माणसे होती. ज्या पळवाटेबद्दल आम्ही लहान कारखानदारांना जाहीर सभांतून झोडपले होते, तिच्यातच आम्ही बावीस वर्षे सुखाने बसलो होतो.

त्या दिवसापासून आम्ही या प्रश्नाचे मूळ शोधू लागलो. युनियन ही नफ्यासाठी चालत नाही. आश्रम, बालवाड्या, धर्मादाय दवाखाने, अनाथालये, आजच्या भाषेत ज्यांना 'एनजीओ' म्हणतात त्या संस्था, याही नफ्यासाठी चालत नाहीत. यांपैकी बहुतेक ठिकाणी अंगमेहनतीचे आणि दारोदार फिरण्याचे काम स्त्रिया करतात, आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्या मिळकतीला वेतन म्हणण्याचे टाळले जाते. हे असे का झाले? त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्राच्या इतिहासात बरेचसे सापडते.

सावित्रीबाई फुले १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवू लागल्या, तेव्हापासून स्त्रीने सार्वजनिक काम करण्याची वाट आपल्याकडे उघडली. परंतु स्त्रियांना मोठ्या संख्येने सामावून घेणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या त्या पुढे अर्धशतकाने. १८९६ साली धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. १९०० साली आश्रम हिंगण्यास गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जागेवर तो उभा राहिला. दिवसा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवावयाचे आणि नंतर चिखल तुडवीत हिंगण्यास पायी जावयाचे, हा अण्णांचा क्रम सर्वांना ठाऊक आहे.

त्या आश्रमात येणारी विधवा कोणत्या स्थितीतून येत असे, हे आठवल्याशिवाय पुढचे कळणार नाही. सासरी ती फुकटची राबणारी होती आणि माहेरी ओझे होती. आश्रमाने तिला निवारा दिला, अक्षर दिले आणि मग कामही दिले. शिकलेली मुलगी तेथेच शिकवू लागली. आश्रम हा तिचे घर, तिची शाळा, तिचा पालक आणि तिचा मालक असे सर्व काही एकाच वेळी झाला. घराकडे कोणी पगार मागत नाही. पालकाशी कोणी करार करीत नाही. आमच्या मते गाठ बसली ती येथे. ती कोणी दुष्टपणाने बांधली नाही. उपकाराच्या आणि कृतज्ञतेच्या धाग्यानेच ती बसली, आणि म्हणून ती सोडविणे अवघड गेले.

पार्वतीबाई आठवले यांचे उदाहरण घ्या. अण्णांच्या पत्नी आनंदीबाई यांच्या या बहीण. तरुणपणी वैधव्य आले, पदरी एक मुलगा. अक्षरओळख झाली तीही मोठ्या वयात. पुढे त्या आश्रमासाठी वर्गणी जमविण्यास गावोगाव हिंडल्या, व्यासपीठावर उभ्या राहून बोलल्या, १९१८ साली अमेरिकेस गेल्या आणि तेथे पोटासाठी परक्यांच्या घरी मोलाने कामही केले. त्यांचे 'माझी कहाणी' हे आत्मचरित्र १९२८ साली प्रसिद्ध झाले. आम्ही ते वाचले तेव्हा आम्हाला प्रथम जाणवले ते हे की वर्गणी गोळा करणे हे एक कसबाचे काम आहे. आज मोठ्या संस्था या कामासाठी स्वतंत्र माणसे नेमतात आणि त्यांना चांगला पगार देतात. पार्वतीबाईंच्या वेळी त्याला सेवा म्हणत.

१९०८ साली अण्णांनी निष्काम कर्म मठ स्थापन केला. आश्रमाला आणि महिला विद्यालयाला जन्मभर वाहून घेतलेली माणसे मिळावीत हा त्याचा हेतू. मठाच्या सेवकाने सारे आयुष्य कामाला द्यावयाचे आणि निर्वाहापुरते जे मिळेल त्यात समाधान मानावयाचे. या मठात पुरुष होते तशा स्त्रियाही होत्या. स्त्रियांना बरोबरीने घेणे ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट होती! गोखल्यांनी १९०५ साली काढलेल्या भारत सेवक समाजाचे सभासद पुरुषच होते. तेव्हा अण्णांना आम्ही कमी लेखतो असा कोणी समज करून घेऊ नये.

परंतु हिशेब करणे हा आमचा धंदा आहे, म्हणून एक तुलना करतो. त्याच पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनीही त्याग केला होता. त्यांचा पगार दरमहा ७५ रुपये ठरला होता. बाहेर त्यांना याहून कितीतरी अधिक मिळाले असते, यात शंका नाही. पण त्या त्यागाला वीस वर्षांची मुदत होती आणि मुदत संपल्यावर अल्पसे का होईना निवृत्तिवेतन होते. गोखले १९०२ साली कॉलेजातून निवृत्त झाले तेव्हा त्यांना दरमहा ३० रुपये निवृत्तिवेतन मिळू लागले. त्याग करणाऱ्या पुरुषांनी आपल्या त्यागाचा आकडा कागदावर लिहून ठेवला होता आणि त्याची शेवटची तारीखही ठरविली होती.

आणखी एक भेद आहे. पदवीधर पुरुष वकिली सोडून संस्थेत येतो तेव्हा तो हातातले काही टाकून येतो. त्याग करावयास आधी हाती काही असावे लागते. विधवेच्या हाती टाकण्याजोगे काय होते? दुसरे दार तिला उघडेच नव्हते. जिला निवड नव्हती तिच्या वाट्याला आलेल्या काटकसरीलाही आपण त्यागच म्हणू लागलो, आणि पुढे निवड आली तरी तो शब्द तसाच चालू राहिला.

निवड आणून देण्याचे कामही या संस्थांनीच केले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्यात सेवासदन सुरू झाले. रमाबाई रानडे अध्यक्षा आणि गोपाळ कृष्ण देवधर चिटणीस. सेवासदनाने स्त्रियांना शिक्षिका, परिचारिका आणि सुईण होण्याचे शिक्षण मिळवून दिले; त्यासाठी बायकांना ससून रुग्णालयात पाठविले. भल्या घरच्या बाईने परक्या रोग्याची शुश्रूषा करावयाची, ही कल्पना तेव्हा किती जणांना रुचली असेल? परंतु परिचारिकेची विद्या ही कोठेही विकता येणारी विद्या आहे. ती हाती आल्यावर बाई नगरपालिकेच्या दवाखान्यात जाऊ शकते आणि तेथे तिला पगार मागता येतो. १९१६ साली अण्णांनी महिला विद्यापीठ काढले. त्यातूनही स्त्रियांच्या खऱ्या कारकिर्दी घडल्या. न. चिं. केळकरांच्या कन्या कमलाबाई देशपांडे या बालपणी विधवा झालेल्या. त्या या विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या, प्रागला जाऊन डॉक्टरेट घेऊन आल्या आणि त्याच विद्यापीठाच्या पुण्यातील महाविद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. इरावती कर्वे यांनी १९३१ पासून काही वर्षे त्या विद्यापीठाच्या कुलसचिव म्हणून काम केले. म्हणजे संस्थेत बाई वर चढू शकत होती. मात्र चढण्याची शिडी पदवीची होती. स्वयंपाकघरातली, वसतिगृहातली आणि दारोदार फिरणारी बाई होती तेथेच राहिली.

आता आमच्या चळवळीकडे वळू. येथेही एक विसरलेले नाते आहे. भारत सेवक समाजाचे नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि १९२० साली आयटक स्थापन करण्यात पुढाकार घेतला. म्हणजे कामगार संघटना ही सेवाभावी संस्थेची धाकटी बहीणच होय. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचे विधेयक चर्चेस आले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९२९ साली मुंबई प्रांताचा मातृत्वलाभ कायदा झाला. गिरणीतल्या बाईला त्याने हक्क दिला. आश्रमातल्या शिक्षिकेला दिला नाही, कारण आश्रम हा कारखाना नव्हता. त्याबद्दल आमच्या चळवळीतही फारशी कुरकुर झाल्याचे आमच्या वाचनात नाही. थोरलीच्या घरात काय चालते ते धाकटीने पाहिले नाही.

स्वातंत्र्यानंतर हे काम फार वाढले. १९४५ साली कस्तुरबा स्मारक निधीचे काम सुरू झाले आणि ग्रामसेविका तयार होऊ लागल्या. आपल्याकडे सासवडला प्रेमाबाई कंटक यांनी ते काम चालविले. १९५३ साली दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि संस्थांना सरकारी अनुदान मिळू लागले. अनुदान वर्षाचे, म्हणून नेमणूकही वर्षाची, असा प्रघात पडला. ते मंडळ २०२२ साली बंद झाले. तो प्रघात मात्र बंद झाला नाही.

याच काळात ठाणे जिल्ह्यात, आजच्या पालघरात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला बालशिक्षणाचे काम केले. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा प्रयोग. दोघींच्या कामाचा देशाने गौरव केला आणि तो यथायोग्यच होता. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू केली, तेव्हा 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. शब्दाबरोबर सेवेची जुनी रीतही गेली. सेविकेला पगार न देता मानधन द्यावयाचे ठरले: मॅट्रिक झालेलीला दरमहा १५० रुपये, न झालेलीला १००. गरीब संस्था पैसे नाहीत म्हणून जे करीत होती ते आता सरकार करू लागले. मान आणि धन हे दोन्ही शब्द चांगले आहेत; पण ते जोडले की हक्क नावाची गोष्ट मधून निसटते, हे आम्ही पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे.

ही निसटलेली गोष्ट परत मिळविण्याचा प्रयत्न न्यायालयांतून झाला. त्याचा आरंभ मुंबईच्या दोन बायकांनी केला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. जे. जे. रुग्णालयांच्या समूहात १९५२ साली दोन स्त्रिया वॉर्डात नोकर म्हणून लागल्या आणि १९५३ अखेर त्यांना कमी करण्यात आले. कायद्याने ठरलेली नुकसानभरपाई दिली नाही. हॉस्पिटल मजदूर सभा त्यांच्यासाठी भांडली. रुग्णालय नफ्यासाठी चालत नाही, तेव्हा तो उद्योगच नव्हे, असे सरकारचे म्हणणे. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. निकाल लिहिला न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी. नफ्याचा हेतू नसला म्हणून कामाचे स्वरूप बदलत नाही, हा त्याचा गाभा.

पुढे निकाल उलटसुलट झाले. १९७८ साली बंगलोर पाणीपुरवठ्याच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सेवाभावी संस्थांचा नीट विचार केला. जेथे माणसे स्वतःहून, मोबदला न घेता सेवा करतात ती संस्था उद्योग नव्हे. परंतु जेथे मालक दयाळू असून नोकर मात्र इतरांसारखे पगारावर राबतात तेथे दया मालकाची आहे, नोकराची नाही, असा त्याचा आशय. आम्हाला हा न्याय फार पटतो. दान ज्याला करावयाचे त्याने आपल्या खिशातून करावे. सेविकेच्या पगारातून करू नये.

१९८२ साली संसदेने दुरुस्ती करून सेवाभावी संस्था वगळण्याचे ठरविले, पण तो भाग कधी अमलात आला नाही. १९८८ साली गोव्यातील एका खासगी शाळेच्या शिक्षिकेच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की शाळा हा उद्योग असला तरी शिक्षिका 'कामगार' नव्हे. म्हणजे शाळेतला शिपाई दाद मागू शकेल, शिकविणारी बाई त्या कायद्याखाली मागू शकणार नाही. आणि आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, पूर्णतः वा मुख्यतः धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी सेवा करणाऱ्या संघटनांच्या संस्था उद्योगाच्या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. १९६० साली दोन वॉर्डनोकर बायकांनी जे दार उघडले ते या संस्थांपुरते तरी पुन्हा लोटले गेले आहे.

दुसऱ्या बाजूने थोडा उजेडही आहे. २०२२ साली गुजरातेतील अंगणवाडी सेविकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना उपदानाचा हक्क आहे असे ठरविले. नाव मानधन असले तरी त्या कायद्यापुरते ते वेतनच, असे म्हटले. त्याआधी १९९२ साली राजस्थानात भंवरीदेवी या साथिनीवर बालविवाह रोखण्याच्या कामावरून अत्याचार झाला. तिच्यासाठी स्त्रीसंघटना न्यायालयात गेल्या, १९९७ साली 'विशाखा' मार्गदर्शक तत्त्वे आली आणि २०१३ साली कायदा झाला. आज कचेऱ्यांत काम करणाऱ्या लाखो बायकांना मिळालेले संरक्षण हे एका गावोगाव फिरणाऱ्या सेविकेच्या यातनांतून आलेले आहे.

आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या बायकांची गाऱ्हाणी बहुधा एकाच साच्याची असतात. प्रकल्प तीन वर्षांचा, नेमणूक अकरा महिन्यांची, आणि काम मात्र पंधरा वर्षे तेच. बाळंतपणाची रजा १९६१ च्या कायद्याने दिली आणि २०१७ साली ती पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली. पण तेथेही बहुधा दहा माणसांची अट आडवी येते. विश्वस्तांत पुरुष, फिरतीवर बायका. कोणी पगाराचे बोलले की चेहरे उतरतात: "तुम्हीसुद्धा? आपण तर एका कुटुंबातले!" हिंगण्याची ती गाठ शंभरावर वर्षे टिकली आहे.

संस्थाचालक म्हणतात, पैसे आणावयाचे कोठून? हा प्रश्न खोटा नाही. परदेशी देणग्यांतून कारभारखर्चासाठी वापरावयाच्या रकमेची मर्यादा २०२० साली निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आली. आपले स्वदेशी दातेही इमारतीला पैसे देतात, कारण इमारतीवर नाव कोरता येते. बाईच्या फंडाच्या खात्यावर कोणाचे नाव कोरणार? परंतु ज्या संस्थेला दहा हजारांची भिंत परवडते आणि हजाराचा फंड परवडत नाही, तिची अडचण केवळ पैशाची नाही.

या सभागृहात विश्वस्त असतील, देणगीदार असतील, निवृत्तीनंतर एखाद्या संस्थेचे काम पाहणारे सज्जन असतील. त्यांना आमची विनंती एवढीच की पुढची देणगी देताना एक प्रश्न विचारा: तुमच्या सेविकांना नेमणुकीचे पत्र आहे काय, आणि त्यांचा फंड भरता काय? कायदा दहा माणसे मोजो की वीस, आपण एकापासून मोजावे. सेवाभाव याने आटेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. ज्या बाईला म्हातारपणाची धास्ती नाही ती अधिक मोकळ्या मनाने सेवा करील.

आमच्या कचेरीतल्या बाईंचे काय झाले, असे श्रोते विचारतील. आम्ही कार्यकारिणीपुढे विषय नेला. दोन सभा वादात गेल्या. "उद्या सगळेच मागतील" असेही एक सभासद म्हणाले. हेच वाक्य आम्ही मालकांच्या तोंडून अनेकदा ऐकले होते. अखेरीस कायद्याच्या सूत्राने हिशेब केला. शेवटचे मानधन नऊ हजार, दरसाल पंधरा दिवस, बावीस वर्षे: एक लाख चौदा हजार दोनशे तीस रुपये. ते आठ हप्त्यांत दिले. फंडाची बावीस वर्षे मात्र परत आणता आली नाहीत. ती बाकी आमच्या नावावर राहिली आहे. पहिला हप्ता घ्यावयास बाई आल्या तेव्हा नव्या कारकुनाला पावतीपुस्तक सापडेना. बाईंनीच कपाट उघडून ते काढले, पावती लिहिली, 'मानधन' हा छापील शब्द खोडून त्यावर 'उपदान' असे लिहिले, आणि मग सही केली.